कोणासही मज्जाव नाही

लष्कर, ग्वाल्हेर
६ नोव्हेंबर १९५६

शरू,

आशीर्वाद आहेतच, ते तुझ्या रुसण्याफुगण्यावर अवलंबून नाहीत. परवा भाऊबीज झाली. दादाला ओवाळलं आणि तुझ्या वाटणीचं चंद्राला ओवाळलं. वहिनी म्हणाली, ज्यांना भाऊ नाही त्या असं करतात, शरदभाऊजी चांगले ठणठणीत आहेत. मी म्हटलं, पत्ता कळेपर्यंत मला चंद्रच जवळचा. पत्ता शेवटी तुझ्या पडावच्या घरमालकानं दिला. पहिल्या तारखेला नवं राज्य झालं, मध्यभारत संपला, तुमचं कायदे खातं पेट्यांत भरून भोपाळला गेलं आणि पेट्यांबरोबर तूही गेलास, हे सख्ख्या बहिणीला घरमालकाकडून कळावं. असो.

दादाच्या केसची तारीख दिवाळीआधी झाली. तुला ऐकायचं नसलं तरी सांगते, कारण शांताताईंचा तक्रारअर्ज तुझ्याच अक्षरातला आहे. कोर्टात तो वाचून दाखवला. शांताताई, मुलींच्या सरकारी शाळेत शिक्षिका, जात महार, राहणार मुरार. त्यांना शाळेतल्या सहशिक्षिकेनं, म्हणजे मी, गेल्या दत्तजयंतीला घराजवळच्या दत्तमंदिरात बोलावलं. त्या पायऱ्या चढू लागल्या तेव्हा वरून प्रसादाचा द्रोण पाठवून त्यांना तिसऱ्या पायरीवर थांबवलं. द्रोण व्यवस्थापक रमाकांत यांनी, म्हणजे दादानं, पाठवला. हिंदी तुझं झकास आहे, मानलं पाहिजे.

मॅजिस्ट्रेट इकडचे नाहीत. त्यांना द्रोणाची भानगड कळेना. "प्रसाद दिया, तो रोका कैसे?" असं त्यांनी दोनदा विचारलं. आपल्याकडे 'आत येऊ नका' असं कधी कुणी म्हटलेलंच नाही, हे त्यांना कसं सांगायचं? घरातलं कुणीतरी सुंठवड्याचा द्रोण घेऊन तिसऱ्या पायरीपर्यंत खाली उतरतं, हसून मुलाबाळांची चौकशी करतं आणि समोरचा माणूस काय ते समजून तिथूनच मागे फिरतो. नानांना या रीतीचा फार अभिमान आहे. आपण कुणाला कधी दुखवलं नाही, असं ते अजून म्हणतात.

दादाच्या वकिलांनी तीन गोष्टी मांडल्या. एक, कुणी अडवलंच नाही, उलट मानानं प्रसाद दिला. दोन, मंदिर आमच्या घराण्याचं, खासगी. नवा अस्पृश्यतेचा कायदा सार्वजनिक मंदिरांना लागू आहे, घरच्या देवाला नाही, आणि आपला धर्म आपल्या रीतीनं पाळायची मोकळीक घटनेनंच दिली आहे. तीन, शांताताईंनी दसऱ्याला वडिलांबरोबर नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली, तेव्हा आता त्यांना दत्ताच्या दर्शनाचं काय पडलंय?

पहिल्या गोष्टीसाठी साक्षीदार म्हणून माझं नाव दिलंय, कारण द्रोण माझ्या हातात होता. तारीख बारा डिसेंबर. तिसरीचं उत्तर तुझ्या कायद्यात असेल तर कळव.

नाना घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "राज्य गेलं, दरबार गेला, दफ्तरसुद्धा गेलं. आता देव्हारा पण घेऊन जाणार का रे?" विचारत कुणाला होते कोण जाणे. मला त्यांची कीव आली आणि रागही आला.

तुझी ताई

लष्कर
१७ नोव्हेंबर १९५६

शरू,

कार्ड पोचलं. ना मायना, ना शेवट. "कलम तीन, स्पष्टीकरण. बौद्ध, शीख आणि जैन यांना या कलमापुरते हिंदूच धरावे." वर्षभरानं धाकट्या भावाचं पत्र यावं आणि त्यात स्पष्टीकरण निघावं. तरी मी ते उशाखाली ठेवलं आहे, हेही कळू दे.

शांताताईंना मधल्या सुट्टीत वाचून दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे आम्ही सोडून गेलो तरी कायदा आम्हाला सोडत नाही." मी विचारलं, मग आता केस कशासाठी? आत यायची इच्छा उरली आहे का? त्या वह्या तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "आत यायचं म्हणून नाही चालवत मी, विमलताई. मला थांबवलं ते चूक होतं, एवढं कुणीतरी मोठ्यानं बोलायला पाहिजे. आमच्या वडिलांनी अशा पायऱ्यांवर पन्नास वर्षं प्रसाद घेतला, आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे की मोठी माणसं फार प्रेमळ आहेत." मग त्यांनी माझ्याकडे लाल पेन्सिल मागितली. मी दिली.

आता दुसरी गोष्ट, आणि ती महत्त्वाची आहे. वकिलांना मंदिर खासगी असल्याचे कागद हवे होते. नानांच्या पेटीतले कागद सगळे मोडीत, तुम्ही दोघं भाऊ इंग्रजी शाळेत गेलात, त्यामुळे मोडी घरात फक्त मला येते. नानांना हल्ली दिसत नाही. म्हणून दादानं पेटी माझ्यापुढे ठेवली. खासगी असल्याचा कागद मिळाला नाही. मिळाली ती नानांनी संवत १९८१ मध्ये दरबाराला केलेल्या अर्जाची नक्कल. दत्तजयंतीच्या पालखीपुढे सरकारी बँड मिळावा म्हणून केलेला अर्ज. बँड तुला आठवत असेल, लाल डगलेवाले, विलीनीकरणापर्यंत दरवर्षी यायचे आणि तू त्यांच्या झांजा वाजवायचा हट्ट धरायचास. तर बँड फक्त सार्वजनिक देवालयांना मिळायचा. म्हणून नानांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय: "सदरहू देवालय सर्व हिंदू प्रजेच्या दर्शनास खुले असून कोणासही मज्जाव नाही."

अस्सल अर्ज तुमच्या त्या पेट्यांतच कुठेतरी भोपाळला गेला असणार, तो कुणाला सापडायचा नाही. नक्कल माझ्या ट्रंकेत आहे. दादाला मी सांगितलं, कामाचं काही मिळालं नाही.

काय करू ते लिही. आणि या वेळी मायना लिही.

ताई

लष्कर
२८ नोव्हेंबर १९५६

शरू,

मायना लिहिलास, बरं वाटलं. बाकीचं पत्र वाचून बरं वाटलं नाही. "कागद कोर्टात दे. दादानं केलं ते दादानं भोगावं." किती सोपं करून टाकलंस. कागद दिला की मंदिर सार्वजनिक, मंदिर सार्वजनिक की दादाला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बावीस वर्षांची मी परत आले, कुंकू गेलेलं, तेव्हा नानांनी मला पोथ्या वाचायला बसवलं होतं. दादानं ट्रेनिंगचा फॉर्म आणला, नानांशी सहा महिने अबोला धरला आणि पहिल्या दिवशी तांग्यातून मला शाळेत पोचवून आला. तू तेव्हा पंधरा वर्षांचा होतास, तुला हे सगळं माहीत आहे.

आणि कागद नाही दिला तर दादा सुटतो, मी सुटते, दारही होतं तसंच राहतं आणि शांताताई खोट्या पडतात.

मी सुटते असं का लिहिलं ते विचारू नकोस. विचारशीलच म्हणा.

ताई

लष्कर
११ डिसेंबर १९५६, सकाळी

शरू,

उद्या साक्ष आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ती होऊन गेलेली असेल, म्हणून आत्ताच लिहिते. तुला कोर्टाच्या आधी कळायला हवं होतं आणि वर्षभरात मला ते जमलं नाही.

द्रोण दादानं पाठवला नव्हता.

शांताताईंना मीच बोलावलं होतं. आठवडाभर मी शाळेत मिरवत होते की आमच्या घरी आता असलं काही राहिलेलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी आत पाळणा म्हणत होते. दादाच्या हातात पाळण्याची दोरी होती, तो जागचा हललासुद्धा नव्हता. मी प्रसादाच्या ताटापाशी दाराशी उभी. शांताताई आल्या, नवं हिरवं लुगडं, चपला काढून कडेला नीट लावल्या आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. माझ्या हातानं द्रोण उचलला आणि मी खाली उतरायला लागले. कुणी सांगितलं नाही, कुणी खूण केली नाही. लहानपणापासून आईला, आत्याला उतरताना पाहिलं, पुढे मीच उतरत आले, तशी उतरले. शपथेवर सांगते, तिसऱ्या पायरीवर त्यांचा चेहरा दिसला तेव्हा मला कळलं की मी काय करते आहे.

त्या म्हणाल्या, "मी वर येत होते ना?"

तेव्हासुद्धा वेळ होती. चला, म्हणायचं आणि हात धरायचा. मला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मी म्हटलं, "दादानं पाठवलंय."

तू मागेच उभा होतास. तू ऐकलंस. पुढचं तुला ठाऊकच आहे, पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस. तू दादाला सगळ्यांसमोर विचारलंस, द्रोण तू पाठवलास का? दादानं आधी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत होते. मग तो म्हणाला, "हो, पाठवला. मग?" त्या 'मग'साठी तू घर सोडलंस, पडावला खोली घेतलीस, अर्ज लिहिलास. त्या 'मग'चा तुला एवढा राग आला की तो खोटं बोलत असेल हे तुझ्या डोक्यातच आलं नाही.

वर्षभर मी त्याच्या पंक्तीला जेवते आहे. त्यानं एकदाही विषय काढलेला नाही. मी घाबरट आहे, शरू. नोकरीला घाबरले, नानांना घाबरले, शांताताईंच्या तोंडाला तर सगळ्यात जास्त. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

उद्या कागद घेऊन जाते.

विमल

लष्कर
१३ डिसेंबर १९५६

शरू,

काल झालं ते जसंच्या तसं सांगते.

नाना हट्टानं आले. पागोटं बांधून, तांग्यातून, दादा सुटल्यावर तिथूनच मंदिरात जायचं म्हणून. त्यांना कागदाचं मी काही सांगितलं नव्हतं. शांताताई मागच्या बाकावर होत्या. बाबासाहेब गेल्यापासून त्या शाळेत कामापुरतंच बोलतात, कालही डोळे सुजलेले होते.

मी पिंजऱ्यात उभी राहिले आणि वकिलांनी विचारायच्या आधीच कागद पुढे केला. मॅजिस्ट्रेटनी उलटसुलट करून पाहिला. "यह कौन-सी लिपि है?" मोडी, म्हटलं. कोर्टात कुणाला येते का, विचारलं. आपले वकील म्हणाले, "मेरे पिताजी पढ़ लेते थे।" लोक हसले. मग मी वाचला, आधी मराठीत, मग हिंदीत अर्थ सांगितला. दादा माझ्याकडे बघतच राहिला. वकील उठून म्हणाले, ही बाई वाचते तेच यात लिहिलंय हे मानायचं कशावरून? बरोबरच होतं त्यांचं. मी वाटेल ते वाचलं असतं तरी कुणाला कळलं नसतं.

मी म्हटलं, "जिन्होंने लिखा है, वे यहीं बैठे हैं।"

नानांना पुढे आणलं. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, पण दिसत कुठे होतं. बोटांनी कागद चाचपला. मग मला म्हणाले, "विमल, शेवटली ओळ वाच जरा." मी वाचली. कोणासही मज्जाव नाही. शरू, ते नाही म्हणू शकले असते. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आठवत नाही म्हणाला असता तर कुणी काय केलं असतं? त्यांनी पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "लिखा है। हमने ही लिखा है। बैंड भी आया था।"

त्यानंतर वकिलांनी कसंबसं स्वतःला सावरलं आणि मला त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. प्रसाद मानानं दिला ना? मी म्हटलं, मानानंच दिला, पण समोरच्यानं वर येऊ नये म्हणूनच देतात. द्रोण कुणी पाठवला? कुणीच नाही, मीच घेऊन गेले, दादाला ठाऊकसुद्धा नव्हतं, आणि त्याचं नाव मी खोटं सांगितलं. शांताताईंकडे पाहून सांगायचं मी ठरवलं होतं. पाहवलं नाही, समोरच्या टेबलाकडे पाहत सांगितलं.

निकाल आज सकाळी झाला. मंदिर सार्वजनिक. दादा निर्दोष. माझ्यावर वेगळी केस, तारीख नऊ जानेवारी. शाळेची नोटीस दुपारी आली, केस मिटेपर्यंत येऊ नये. शांताताईंना कोर्टाच्या जिन्यात गाठलं आणि म्हटलं, माझ्या केसमध्ये तुम्हाला बोलावतील, खरं ते सांगा. त्या म्हणाल्या, "तेच सांगणार आहे." दोन पायऱ्या उतरून म्हणाल्या, "वर्षभर मी तुमच्या दादांचा राग करत होते." एवढं बोलून त्या गेल्या. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. मीही मागितली नाही, कोणत्या तोंडानं मागणार?

काल परतताना तांग्यात दादा माझ्याशेजारी होता. मी विचारलं, तू 'हो' का म्हणालास? म्हणाला, "तुझी नोकरी सरकारी, माझं काय जाणार होतं." पूल आला. मग म्हणाला, "आणि विमल, मी दाराशी असतो तर मी पण तेच केलं असतं. मी फक्त आत होतो." मला रडू आलं. त्यानं तांगेवाल्याला घोडा हळू घ्यायला सांगितलं.

कागद कोर्टातच राहिला, पण मजकूर मला पाठ झाला होता. काल रात्री जेवल्यावर नानांनी तो परत म्हणायला लावला, दोनदा. मला वाटलं रागावतील. म्हणाले, "अक्षर चांगलं होतं माझं."

विमल

लष्कर
१८ डिसेंबर १९५६

शरू,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. यायची घाईही नाही, तुलाही वेळ लागेल.

काल दत्तजयंती झाली. प्रसादाच्या ताटापाशी कोण उभं राहणार यावर घरात दिवसभर कुणी बोललं नाही. संध्याकाळी दादानं ताट उचललं आणि आत मूर्तीजवळ नेऊन ठेवलं. ज्याला हवा त्यानं आत येऊन घ्यावा, एवढंच म्हणाला. नेहमीचे निम्मे लोक आले नाहीत. जे आले ते मुकाट्यानं आत जाऊन द्रोण घेऊन गेले. नानांना पाळण्याजवळ खुर्चीवर बसवलं होतं.

मी खाली, पायऱ्यांच्या कडेला उभी होते. हात पदरात गुंडाळून घेतले होते. माझाच माझ्या हातांवर भरवसा नव्हता.

शांताताई येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या पाळणा झाल्यावर आल्या, शाळेतल्याच पांढऱ्या पातळात. चपला काढल्या. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. तिसरीवर थांबल्या नाहीत. वर गेल्या, दाराशी उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. दादा बाजूला झाला आणि म्हणाला, "या." त्या आत गेल्या, क्षणभर पाहिलं, प्रसादाला हात न लावता बाहेर आल्या आणि खाली उतरून माझ्याशेजारी उभ्या राहून चपला घालू लागल्या.

"केवढीशी मूर्ती आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मोठी असेल."

मग सहामाहीचे पेपर कुठे ठेवलेत ते विचारलं. माझ्या वर्गाचे त्याच तपासणार आहेत. मुरारचा तांगा मिळेल का, म्हणाल्या. दादा बाहेर येऊन त्यांच्यासाठी तांगा बघायला कोपऱ्यापर्यंत गेला. त्या त्याच्याबरोबर चालत गेल्या, मी गेले नाही.

आता तुला सांगायचं ते. नऊ तारखेला यायची गरज नाही, शिक्षा व्हायची ती होईल, मला तिची भीती वाटत नाही. वर्षभर जी वाटत होती ती आता संपली. पण मला इतक्यात पत्र लिहू नकोस, आधी दादाला लिही. काल तांगा करून दिल्यावर तो परत आला, पायरीवर बसला आणि मला विचारलं, "शरूला तू सगळं लिहिलंस ना?" हो म्हटलं. "मग तो काय म्हणाला?" मी सांगितलं, अजून उत्तर नाही. तो उठून समया विझवायला आत गेला.

आज सकाळपासून तीनदा त्यानं टपालवाला येऊन गेला का म्हणून विचारलं आहे.

विमल